त्या दिवशी अंकुशनं पैसे लावले नव्हते

शाळेची प्रार्थना संपून मुलं रांगेनं वर्गात जात होती, तेव्हा सुनंदावहिनींचा फोन आला. "भावजी, ह्ये गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. अंकुशला पाच दिवस ताप होता, हे मला माहीत होतं. भातलावणी चालू होती. पोटरीभर चिखलात दिवसदिवस उभं राहायचं म्हटल्यावर आमच्या गावाकडं, रिह्याच्या खोऱ्यात, या दिवसांत ताप कुणाला नवा नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा त्याला हिंजवडीला हलवलं. उंदरांमुळे खाचरातल्या पाण्यात उतरणारा तो आजार, लेप्टो म्हणतात त्याला. आधी मूत्रपिंडं गेली, मग तो गेला. सदतीस वर्षांचा, अजून एका दमात टेकडी चढणारा माणूस…

स्मशानात लाकडं ओली होती, धूर फार झाला. त्या धुरात माण गावचे एक ओळखीचे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "ताप व्हता म्हंत्यात. नक्की तापच व्हता ना?"

"म्हंजे?"

"न्हाई, त्येच्या मागं त्ये सगळं व्हतंच की. मानसानं काय खाल्लं-बिल्लं तर कुनाला कळतंय? तू त्येचा मैतर, तुला म्हाईत आसंल."

मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलोच. म्हटलं, डॉक्टरांचा कागद आहे, जाऊन वाचा. ते बाजूला सरकले. पण त्या कागदात काय लिहिलंय ते मला कसं ठाऊक, हे त्यांनी विचारलं नाही. फोन आल्यावर दवाखान्यात गेलो तेव्हाच मी तो स्वतः मागून घेतला होता आणि दोनदा वाचला होता. अंकुशच्या बाबतीत मी असाच वागत आलो. जगासमोर त्याची बाजू घ्यायची आणि पाठ फिरली की खात्री करून घ्यायची.

कबड्डी पाहणाऱ्यांना अंकुश आठवत असेल. लांब हातांचा, कमरेत खाली वाकून चढाई करणारा, बोलताना थोडा अडखळणारा. आम्ही रिह्यातच एका वर्गात होतो. मातीच्या मैदानात तो चढाईला जायचा आणि मी डावा कोपरा सांभाळायचो. त्याच्यासमोर मी सराव केला म्हणून मला पकड जमली, आणि पकड जमली म्हणून पुढे क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली. तो मात्र फार पुढे गेला. पुण्यातल्या संघाकडून, मग राज्याकडून, आणि मग टीव्हीवर दिसणाऱ्या त्या व्यावसायिक स्पर्धेत. माणच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला तेव्हा मी शाळा सुटल्यावर मुद्दाम वाकडी वाट करून तो बघून आलो होतो.

पैज लावणं हा त्याचा लहानपणापासूनचा खेळ. एसटीतून आधी बाई उतरेल की बाप्या, मास्तर आज टोपी घालून येतील की बोडक्यानं, कशावरही. "लावतो का?" असं म्हणून तळहात पुढं करायचा. हरणाऱ्यानं पन्नास बैठका मारायच्या. तो हरला तर शंभर मारायचा आणि वर हसायचा. त्या हसण्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. आता मागं वळून बघताना प्रत्येक आठवणीत मी काहीतरी शोधतो आणि मग माझीच मला लाज वाटते. दहा वर्षांच्या पोराच्या बैठकांमध्ये कसला पुरावा शोधायचा?

मोठा खेळाडू झाल्यावर एका सुट्टीत तो घरी आला होता. चहा पिताना म्हणाला, "रम्या, तुझ्या आधारची झेरॉक्स दे की. एक जादा सिम घ्यायचंय. माझ्या नंबरवर लोक लई तरास देत्यात." मी विचारलंसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या माणसाला आपली गरज पडली याचाच मला अभिमान वाटला. कपाटातून झेरॉक्स काढून दिली, वर सहीपण केली.

मग तो सामना झाला. अंकुशचा संघ एका गुणानं मागं होता आणि शेवटची चढाई त्याची होती. तीस सेकंदांत समोरच्या एकाला जरी शिवून परतला असता तरी बरोबरी झाली असती. पकडला गेला असता तरी हरण्यापलीकडे काही बिघडणार नव्हतं. म्हणजे पुढं घुसण्याशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं. तो गेला, समोरच्यांच्या अंगणात मध्यापर्यंत गेला, डावीकडं झुकला… आणि तिथंच थांबला. कुणाला शिवला नाही, कुणाच्या हातात सापडला नाही. वेळ संपायच्या आत रिकाम्या हातानं मागं परत आला. माझ्या घरी टीव्हीसमोर बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली, जणू मीच परत आलो होतो.

"गुडघा अडकला," असं त्यानं नंतर सांगितलं. पण गुडघ्याची तक्रार त्यानं त्याआधी कुणाकडंच केलेली नव्हती. केली असती तर बाहेर बसवलं असतं, म्हणून लपवली, असं तो म्हणाला. ज्यानं एक लपवलं त्यानं आणखी काय लपवलं असेल, असं पुढं जो तो म्हणायला लागला.

पंधरा दिवसांनी स्पर्धेच्या चौकशी समितीची दोन माणसं आमच्या शाळेत आली. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत बसून त्यांनी अगदी सभ्यपणे एक मोबाइल नंबर माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "हा तुमचा का?" नंबर माझा नव्हता, पण कागदोपत्री माझ्याच नावावर होता. त्या नंबरावर सट्ट्याचं खातं होतं. अंकुशच्या संघाच्या जवळजवळ प्रत्येक सामन्यावर त्यात पैसे लागलेले होते, दर वेळी अंकुशचाच संघ जिंकणार म्हणून. एकदाही विरुद्ध नाही. नोकरी, पोलीस, बायको, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. झेरॉक्स कुणी मागितली, कधी मागितली, काय सांगून मागितली, सगळं मी घडाघडा सांगून टाकलं.

"एक गोष्ट मात्र विचित्र आहे," त्यातला वयानं मोठा माणूस फाइल मिटता मिटता म्हणाला. "सगळ्या सामन्यांवर पैसे लागलेत. फक्त तो हरलेला सामना सोडून. त्या दिवशी खातं गप्प आहे." मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. मुद्दाम हरेल, असं वाटतं तुम्हाला?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. मला तसं वाटतही नव्हतं, निदान आदल्या दिवसापर्यंत तरी नव्हतं. पण त्यानं माझं नाव वापरलं होतं, मला न सांगता वापरलं होतं, आणि त्या रागात मी म्हणालो, "सांगता येत नाही."

ते तीन शब्द त्यांच्या अहवालात जसेच्या तसे छापून आले.

बंदी आजन्म होती. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, पंच व्हायचं नाही, मान्यताप्राप्त स्पर्धेच्या मैदानात पाऊल टाकायचं नाही. एका गावच्या जत्रेतल्या सामन्यांना तो नुसता बघायला गेला, तर माइकवरून त्याला बाहेर उभं राहायची विनंती झाली. 'विनंती' हाच शब्द वापरला होता, असं त्यानं मला फार पुढं सांगितलं.

अहवाल हाती आल्यावर तो शाळेच्या फाटकाशी आला. मधली सुट्टी होती. एरवी मला रम्या म्हणणारा माणूस म्हणाला, "सर, ह्ये तुमीच बोललात?"

"व्हय."

"बरं." कागदाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली. मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "पैसे लावत व्हतो, ती चूकच. तुमचं नाव घातलं, ती त्याच्यापेक्षा मोठी चूक. पर त्या दिवशी लावले न्हवते, कारन सोडलं व्हतं मी. आदल्या दिवशी सोडलं."

"नेमकं आदल्याच दिवशी?" मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं, ओठ हलले… आणि तो मागं फिरून निघून गेला. पुढची तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या वर्षांत तो माणमध्ये भाड्याच्या खोलीत राहून हिंजवडीच्या कंपन्यांची कॅब चालवायचा. मी एकदोनदा चौकात त्याला गाडीत बसलेला पाहिला आणि फोन आल्याचं नाटक करून तोंड फिरवलं. एका सकाळी मागच्या सीटवरच्या एका पोरानं त्याला आरशात ओळखलं आणि म्हणालं, "दादा, आज रात्री कोण जिंकणार? टिप द्या की!" अंकुशनं गाडी त्या पोराच्या कंपनीच्या दारापर्यंत नेली, सगळ्यांना उतरवलं आणि त्याच दिवशी नोकरी सोडली. वहिनींना घेऊन रिह्याला आला आणि वडिलांच्या मागं पडीक पडलेली भाताची खाचरं पुन्हा लावायला लागला.

त्यानंतरची हकीकत मला लिहायची नव्हती. पण ती गाळली तर हा लेख खोटा होईल. आमच्या शाळेच्या मुलींच्या संघात डोंगरातल्या वाडीवरच्या दोघी-तिघी होत्या. त्यांतली सोनी सगळ्यांत चपळ. एका हिवाळ्याच्या तोंडाला माझ्या लक्षात आलं, की ती चढाईला जाताना उजवा पाय अर्धा टाकून मागं घेते. समोरचा त्या पायाला फसून पुढं येतो आणि डाव्या हाताच्या टप्प्यात सापडतो. हे मी शिकवलेलं नव्हतं. ती लकब मी आयुष्यभर समोरून पाहिली होती.

"कुनी शिकवलं?" मी विचारलं.

"अंकुशकाकानं. खळ्यावर."

रविवारी मी रिह्याला गेलो, पण खळ्यावर गेलो नाही. वरच्या अंगाला झाडाआड उभा राहिलो. खाली सहा-सात मुली होत्या, मध्ये अंकुश. कडेला एक पांढरी गाडी उभी होती आणि चांगल्या कपड्यांतला एक माणूस मोबाइलवर मुलींच्या चढाया टिपत होता. खेळ थांबला की तो अंकुशला काहीतरी दाखवायचा आणि अंकुश मान हलवायचा. मला सगळं आपोआप जुळल्यासारखं वाटलं. शहरातला माणूस, गाडी, व्हिडिओ, आणि हा! खाली उतरून दोन वाक्यं विचारली असती तर पुरलं असतं. मी आलो तसा परत गेलो आणि सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, की बंदी असलेला माणूस आपल्या मुलींना शिकवतोय, आणि त्याच्यासोबतची माणसं मला ठीक वाटत नाहीत.

मुलींना खळ्यावर जायची मनाई झाली. सोनी त्या रागानं शाळेतच यायची थांबली.

महिन्याभरानं तो गाडीवाला स्वतः शाळेत आला. रिह्यात त्याचं फार्महाउस होतं. खेळाडू मुलींसाठीच्या एका वसतिगृहात निवड व्हावी म्हणून तो सोनीचा व्हिडिओ आणि अर्ज तयार करत होता. अर्जावर शाळेची सही लागत होती आणि सोनी शाळेत येत नव्हती. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. "अंकुश म्हणाला, शाळेत जाऊ नका, माझं नाव निघालं तर पोरीचं काम होणार नाही," तो गृहस्थ सांगत होता, आणि मी खुर्चीचा हात धरून ऐकत होतो.

मी त्याच दिवशी रिह्याला गेलो. झोडणी चालू होती, अंगाला तूस चिकटलेला अंकुश पेंढी आपटत होता. मी जे केलं ते सगळं सांगितलं, झाडाआड उभा राहिल्याचंही. त्यानं हातातली पेंढी आपटून संपवली.

"इचारायचं," शेवटी म्हणाला. "मी खोटं बोललो असतो तरी इचारायला पायजे व्हतं."

पुढच्या वर्षी सोनीची निवड झाली. अर्जावर सही घ्यायला मी वाडीवर स्वतः गेलो होतो, आणि शाळेत परत ये म्हणून तिच्या आईसमोर हात जोडले होते. निकालाच्या दिवशी फोन वाजला. पलीकडून अडखळत आवाज आला, "रम्या… सोनीचं झालं." किती वर्षांनी तो मला रम्या म्हणाला होता. मी वर्गाबाहेर येऊन बराच वेळ मैदानाकडं बघत उभा राहिलो.

मग आमचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं. भात, पाऊस, गुडघेदुखी, मुलींचे सामने, सगळ्यावर बोलायचो. सामन्यांना तो यायचा नाही. शाळेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे बसायचा. तिथून मैदान दिसायचं नाही, फक्त मुलींचा 'कबड्डी-कबड्डी'चा दम ऐकू यायचा, आणि कुणाचा दम कुठं तुटला हे तो नंतर मला बरोबर सांगायचा. त्या शेवटच्या चढाईबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही. मी ती मोबाइलवर ठेवली होती. कधीकधी बघायचो. गती कमी करून, त्याच्या डाव्या गुडघ्यावर नजर ठेवून. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याच ओसरीवर बसून बघत होतो. तो मागं येऊन उभा राहिलेला मला कळलंच नाही.

"किती येळा बगितलीस?" त्यानं विचारलं.

"लई."

"काय दिसतं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. "कदी गुडघा अडकल्यागत दिसतो. कदी न्हाई."

तो हसला. "मला बी तसंच," म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. त्या तीन शब्दांवर मी किती दिवस घातले असतील… तो कबुली देत होता, माझी चेष्टा करत होता, की खरंच त्यालाही आता आठवत नव्हतं? विचारायचं, असं त्यानंच शिकवलं होतं. मी विचारलं नाही. पावसाळा आला, लावणी आली, ताप आला.

परवा रिह्याला गेलो होतो. दिवसकार्य उरकून पाहुणे परत गेले होते. वहिनी ओसरीवर एकट्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर मी धीर करून विचारलं, "वहिनी, अंकुशनं सट्टा कधी सोडला?"

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "त्या मॅचच्या आदल्या दिवशी. मी दवाखान्यात व्हते. पाचवा महिना व्हता, पोट पडलं माझं." खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. "ह्यांनी फोन केला. लई रडले. म्हनाले, मी ह्ये धंदे केले म्हनून आपल्याला असं झालं. सोडलं म्हनाले, तुझी शपथ. मी म्हनलं, घरी या. तर म्हनाले, उद्या खेळून येतो, संघ अडचनीत हाय."

"हे चौकशीत का नाही सांगितलं त्यानं?"

"काय सांगायचं? बायकूचं पोट पडलं म्हनून? पेपरात छापून आलं असतं. नगं म्हनाले."

"आणि तुम्ही?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, भावजी."

त्यांना पुढं मूल झालं नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. का झालं नाही यावर गावात काय काय बोललं गेलं, तेही मी ऐकलेलं आहे. फाटकाशी उभा असलेला अंकुश आणि त्याचे हलून थांबलेले ओठ मला दिसायला लागले. 'नेमकं आदल्याच दिवशी?' कसं विचारलं असेल मी ते, कुठल्या सुरात… आणि खरं सांगायचं तर वहिनी बोलत असतानासुद्धा माझ्या मनाचा एक कोपरा तारखा जुळवत होता. खोड अशी सुटत नाही.

"भावजी," वहिनींनी सूप खाली ठेवलं. "तुमचा तरी इस्वास व्हता ना ह्यांच्यावर?"

'हो' म्हणणं सोपं होतं. समोर नुकती विधवा झालेली बाई होती आणि तिला तेवढंच हवं होतं. पण त्या घरात आणखी एक खोटं ठेवून मला उठवेना.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "पुरता कदीच न्हवता."

त्यांनी सुपाच्या कडेचे दाणे आत सारले. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "त्यांना म्हाईत व्हतं." आवाजात राग नव्हता. "तरी रम्या येतो, म्हनायचे. बसा, च्या टाकते," आणि आत गेल्या.

मी ओसरीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तिथं प्लॅस्टिकच्या कागदाखाली कसला तरी ढीग होता. कागद उचलला, तर फोमचे चौकोन होते, हिंजवडीतल्या कुठल्याशा ऑफिसानं जागा बदलताना टाकून दिलेल्या गाद्यांचे. अंकुशनं ते एकाला एक जोडून, वर जाड कापड घालून दाभणानं शिवले होते. लावणीआधी पावसानं बाहेरची कामं थांबतात, त्या दिवसांत बसून शिवलेलं दिसत होतं. भाताची झोडणी संपली की खळ्यावर अंथरायला, वाडीवरच्या मुलींना. एवढी मोठी मॅट आणि वर कुठं टाका दिसेना. एवढं साफ काम पाहून मला, नेहमीप्रमाणं, उलटून बघावंसं वाटलं. उलटून बघितलं. गाठी सगळ्या खालच्या अंगाला मारलेल्या होत्या, मुलींच्या पायांना लागू नयेत म्हणून.